जाळीबाईनं बुजवलेली घरं

तिचं खरं नाव तिच्या गिऱ्हाइकांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. सगळे तिला जाळीबाई म्हणायचे. दारावर थाप पडली, खांद्याला पिशवी अडकवलेली ठेंगणी बाई दिसली, की घरातली माणसं आतल्यांना हाक मारून सांगत, "जाळीबाई आल्या गं, वाट मोकळी करा."

घरात उंदीर शिरू न देणं हा तिचा धंदा. उंदीर मारणं नव्हे. मारणारे वेगळे. ते पिंजरे, गोळ्या, चिकट पुठ्ठे घेऊन येतात आणि महिन्याभरानं त्यांना पुन्हा बोलवावं लागतं. जाळीबाई एकदा येऊन गेली की पुन्हा बोलवायची पाळी येत नसे, आणि या गोष्टीचा तिला भारी अभिमान होता.

तिची कामाची रीत ठरलेली. पहिल्या दिवशी ती एकही हत्यार बाहेर काढायची नाही. नुसती एक पेन्सिल घेऊन घरभर फिरायची. ओट्याखाली, मोरीच्या पाइपाभोवती, विजेची वायर भिंतीतून आत येते तिथं, दाराच्या चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं फट दिसेल तिथं पेन्सिल घालून बघायची. "पेन्सिल गेली तिथून उंदराचं पिल्लू गेलंच म्हणून समजा," असं ती सांगायची. भिंतीला गाल टेकवून ती बॅटरी मारायची. उंदीर रोज एकाच वाटेनं जातो आणि त्याच्या अंगाचा तेलकट काळा पट्टा भिंतीवर उमटतो. तो पट्टा धरून ती बरोब्बर त्याच्या दारापर्यंत पोचायची. मग दुसऱ्या दिवशी भोकात तारेची घासणी कोंबायची, वरून सिमेंटात काचेचा चुरा कालवून लिंपायची आणि थापीनं असं गुळगुळीत करायची की बघणाऱ्याला तिथं कधी भोक होतं हेही कळू नये.

हे सगळं ती नवऱ्याकडून शिकली. तो गवंडी होता. लग्नानंतरची बारा वर्षं तिनं त्याच्या हाताखाली माल कालवला. मग एका इमारतीच्या परांचीवरून तो खाली आला आणि त्याचं कंबरेचं हाड असं मोडलं की पुन्हा उभं राहायचं ते काठीच्या आधारानंच. तेव्हा तिनं त्याची थापी उचलली. सुरुवातीला लोक हसले. एका मुकादमानं तर तोंडावर विचारलं, "तू काय उंदराशी गप्पा मारणार का गं?" ती म्हणाली, "तुमच्याशी मारतेय की, मग त्यानं काय घोडं मारलंय?" मुकादम गप्प झाला, आणि दोन-तीन वर्षांत बाकीचेही झाले.

नवरा घरी बसून तिच्यासाठी जाळीच्या चौकटी ठोकायचा. एक गोष्ट मात्र त्यानं तिला पहिल्याच दिवशी बजावली होती. "भोक दिसलं की बुजव. झरोका दिसला तर त्याला लोखंडी जाळी मार, बुजवायचा नाही. घरालाही नाक असतं."

आठ वर्षं तिनं हे पाळलं. मग एका हिवाळ्यात ते सुटलं.

सुटलं ते असं एकदम नाही. दुकानात जाड लोखंडी जाळी मिळेनाशी झाली. पातळ जाळी होती, ती उंदरांनी एका गिऱ्हाइकाकडे आठवड्यात कुरतडली. गिऱ्हाईक संतापलं. जाळीबाईच्या धंद्यात पहिल्यांदाच कुणी तिला माघारी बोलावून चार शब्द सुनावले होते आणि ते तिच्या जिव्हारी लागलं. त्या दिवशी तिनं नवऱ्याला झरोक्याच्या मापाची प्लायवूडची फळी कापायला सांगितली, ती झरोक्यात बसवली, चारी बाजूंनी सिमेंट भरलं. घरचे खूश झाले. उंदीर तर उंदीर, बाहेरचा गारठाही थांबला. त्यांनी शेजाऱ्यांना सांगितलं. शेजारी म्हणाले, आम्हालाही तसंच हवं.

"मी कापून देतो," नवरा म्हणायचा, "पण मला हे पटत नाही."

"अहो, जाळी येऊ दे बाजारात. मग काढते सगळ्या."

"काढशील?"

"काढेन की."

जाळी महिन्याभरात बाजारात आली. पण तोवर फळी बसवायची हाताला सवय झाली होती. फळीला वेळ कमी लागायचा, माप काटेकोर नसलं तरी चालायचं आणि लोक ती मागून घ्यायचे. जुन्या फळ्या काढायला जायचं ती आज-उद्या करत राहिली.

त्याच हिवाळ्यात दोन बहिणींच्या घरचं बोलावणं आलं.

गल्लीच्या टोकाला एकमजली बैठं घर होतं. धाकटी बहीण शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. वर्गात चाळीस वर्षं उभी राहिल्यामुळे तिचा आवाज अजून खणखणीत होता. थोरलीला सगळे अक्का म्हणत. अक्कांना साखरेचा आजार होता, त्यात अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, त्यामुळे त्या पलंगावरच असायच्या. मास्तरीणबाई जाळीबाईला सरळ पलंगापाशी घेऊन गेल्या आणि त्यांनी अक्कांच्या पायावरचं पांघरूण बाजूला केलं.

उजव्या पायाच्या अंगठ्याला पट्टी होती.

"परवा सकाळी चादर रक्तानं भरलेली दिसली," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मला वाटलं, कुठं खरचटलं असेल. डॉक्टरांनी पाहिलं आणि विचारलं, घरात उंदीर आहेत का?"

या धंद्यात जाळीबाईनं पुष्कळ पाहिलं होतं. कुरतडलेली कपाटं, पोखरलेल्या गाद्या, एकदा तर एका बाळाच्या पाळण्यात लेंड्या. पण हे तिनं पाहिलं नव्हतं.

"यांना कळलं नाही?"

"पायांत जाणीवच नाही हो तिला. तो कुरतडत होता आणि ही शांत झोपली होती."

अक्का पलंगावरून हसल्या. जिभेला थोडा जडपणा होता, पण बोलणं स्पष्ट होतं. "अंगठाच गेलाय हो, मी नाही गेले अजून. हिनं तेव्हापासून झोप सोडलीय. खुर्ची टाकून पायाशी बसते, हातात झाडू घेऊन."

"तू गप्प बस," मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचा तो खणखणीत आवाज पहिल्यांदा फाटला. "जाळीबाई, मला एकही भोक नको. एकही. मुंगीला वाट सापडता कामा नये."

जाळीबाईनं तीन दिवस त्या घरात काम केलं. एवढं जीव ओतून तिनं स्वतःच्या घरातही केलं नव्हतं. एकूण बावीस फटी सापडल्या. पुढच्या दाराला खालून लोखंडी पट्टी मारली. खिडक्या उघडून काचांमागे जाळ्या बसवल्या आणि बाहेरच्या बाजूनं स्क्रूनं आवळल्या. ओट्यामागची अख्खी फळी काढून मागची भिंत लिंपली. अक्कांच्या खोलीला लागून एक अरुंद न्हाणीघर होतं, त्यात भिंतीवर गॅसवर चालणारा पाणी तापवायचा गिझर. गिझरच्या वर, छतालगत, हातभर लांब आणि वीतभर रुंद झरोका. झरोक्याच्या कडेला लेंड्या होत्या.

"इथूनच येतायत," मास्तरीणबाई खालून म्हणाल्या.

जाळीबाई शिडीवर उभी होती. पिशवीत लोखंडी जाळीचा तुकडा होता, पण अपुरा. त्या दिवशी दुकान बंद होतं.

"उद्या जाळी आणून बसवते."

"उद्या? म्हणजे आजची रात्र उघडंच?" मास्तरीणबाईंनी शिडीचा दांडा घट्ट धरला. "बुजवून टाका ना. शेजारच्या गल्लीत फळी बसवलीत म्हणे तुम्ही. तशीच बसवा."

जाळीबाईनं गिझरकडे पाहिलं. नवऱ्याचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. पण मागे पलंगावर तो पट्टी बांधलेला पाय होता, आणि घरी कापून तयार असलेली फळी मापाची निघाली असती. ती घरी जाऊन फळी घेऊन आली. तासाभरात झरोका बंद झाला. "आंघोळीच्या वेळी दार उघडं ठेवत जा," ती निघताना म्हणाली. मास्तरीणबाई म्हणाल्या, "हो हो," आणि दोन्ही हातांनी तिचे हात धरून ठेवले. "आज मी झोपेन हो," एवढंच त्या बोलल्या.

त्यानंतर पाच आठवडे काही खबर नव्हती. जाळीबाईनं ते चांगलं लक्षण मानलं.

मग एका बुधवारी दुपारी मास्तरीणबाईंचा फोन आला. आवाजात हसू होतं. "या जरा, गंमत दाखवते."

गंमत न्हाणीघराच्या फरशीवर होती. एक उंदीर मरून पडला होता. अगदी मधोमध, चारी पाय ताणलेले.

"गोळी घातली होती?" जाळीबाईनं विचारलं.

"छे. गोळी नाही, पिंजरा नाही. आपोआप मेला. तुमच्या कामाचीच दहशत, दुसरं काय! सकाळी अक्काची आंघोळ आटोपून मी न्हाणीघर पुसायला आले तर हा पसरलेला."

जाळीबाई खाली बसली. तिनं उंदीर काडीनं उलटा केला. अंगावर जखम नव्हती, तोंडाला रक्त नव्हतं. ताजा होता. मरणारा उंदीर कोपरा गाठतो, कपाटामागे जातो, सांदीत शिरतो; असा उघड्यावर येऊन पडत नाही. हे तिला माहीत होतं. पण तिच्या डोक्यात त्या वेळी दुसराच भुंगा शिरला होता. उंदीर मेला कसा, हा प्रश्न तिला पडलाच नाही. तो आत आला कुठून, याचाच तिला घोर लागला. म्हणजे आपलं एखादं भोक राहिलं.

तिनं पेन्सिल काढली आणि दुपारभर घर पालथं घातलं. बावीसच्या बावीस जागा पक्क्या होत्या. झरोक्यातली फळी तसूभरही हललेली नव्हती. फळीच्या खाली, गिझरच्या वरच्या भिंतीवर मात्र काजळीचा एक पिसासारखा डाग पडला होता. तिनं तो बोटानं पुसला आणि बोट साडीला पुसलं.

"डोकं फार जड असतं हल्ली," मास्तरीणबाई मागून म्हणत होत्या. "आंघोळीच्या दिवशी तर हमखास. वयाचं असेल. अक्काही दिवसभर गुंगीत असते. थंडीनं सुस्ती येते, नाही?"

"येते ना," जाळीबाई म्हणाली. तिचं लक्ष न्हाणीघराच्या दाराकडे होतं. दाराखाली बोटभर फट होती. आतलं दार, म्हणून तेव्हा सोडून दिलेली. "हे बघा. खोलीतून न्हाणीघरात हा इथून आला असणार. आधीपासूनच घरात कोंडला गेला असेल, बाहेर जायला वाट मिळाली नसेल. ही फटही बंद करून टाकू."

तिनं दाराखाली रबरी पट्टी मारली. दार लावून बघितलं. पट्टी फरशीला अशी बसली की दार उघडताना फुस्स असा आवाज झाला.

"वा!" मास्तरीणबाई म्हणाल्या. "आता वाफही बाहेर जाणार नाही. अक्काला न्हायला नेलं की तिला हुडहुडी भरते. मी आधी दार लावून, गरम पाणी सोडून खोली उबदार करत जाईन."

घरी जाऊन जाळीबाईनं नवऱ्याला हा किस्सा सांगितला. तो काठीशी चाळा करत ऐकत होता.

"कुठं पडला होता म्हणालीस?"

"मधोमध."

"मधोमध?" त्यानं काठी भिंतीला टेकवली. "विचित्रच आहे."

"आहेच. पण एक तरी आत कोंडला गेला होता, एवढं खरं."

त्यानं विषय सोडून दिला. परांचीवरून पडल्यापासून त्याला आपलं म्हणणं रेटायची सवय राहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी, ती बेकरीत कामाला गेली. पिठाच्या कोठीला उंदरांचा त्रास होता. कोठीचं काम उरकून ती भट्टीच्या खोलीत आली आणि सवयीनं वर पाहिलं. भट्टीच्या वर पत्र्याची एक झडप उघडी होती, तिच्यातून एक धीट उंदीर सहज आला असता.

"ही बंद करून टाकू का?" तिनं विचारलं.

बेकरीवाला पाव काढत होता. तो एवढ्या जोरात ओरडला की तिच्या हातून पेन्सिल पडली. "हात लावू नका! जीव घ्यायचाय का आमचा?"

"का हो?"

"माझ्या वडिलांच्या वेळी झाकली होती कुणीतरी, थंडी वाजते म्हणून. सकाळी बघतो तर भट्टीपाशी झोपणारी दोन्ही मांजरं मरून पडलेली. फरशीवर मधोमध, पाय ताणून. अंगावर ओरखडा नाही. वडील त्या रात्री भट्टीपाशी न झोपता घरी गेले होते म्हणून वाचले. वास येत नाही, धूर दिसत नाही. हवाच विषारी होते."

जाळीबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे एकामागून एक सगळं येत गेलं. मधोमध पडलेला उंदीर. बोटाला लागलेली काजळी. डोकं जड असतं हल्ली. आंघोळीच्या दिवशी तर हमखास. अक्कांची आंघोळ एक दिवसाआड असायची, पण काल झालेली आंघोळ अर्धवट होती, केस धुवायचे राहिले होते. ते उद्या धुवू, असं मास्तरीणबाई काल तिच्यादेखत अक्कांना म्हणाल्या होत्या.

तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला.

"तुमची गाडी बाहेर आहे का?" तिनं बेकरीवाल्याला विचारलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्या माणसानं हातातला पावांचा ट्रे तसाच भट्टीच्या कट्ट्यावर टाकला.

गाडीत ती हत्यारांची पिशवी छातीशी धरून बसली होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बेकरीवाल्यानं विचारलं, "कोण आहे तिथं तुमचं?" ती म्हणाली, "कुणी नाही. मी बुजवलंय ते घर."

पुढचं दार आतून बंद होतं. तिनं हाक मारली. आतून अक्कांचा आवाज आला, लांबून, जाड जिभेचा. "कोण आहे? ती पाणी बंद करत नाहीये हो. मघापासून हाका मारतेय मी."

बेकरीवाल्यानं दाराला खांदा दिला. दार हललं नाही. चौकट तिनंच महिन्याभरापूर्वी पक्की केली होती. तिनं खिडकीची काच फोडली, तर आत तिचीच जाळी, आठ स्क्रूंनी आवळलेली. काचेचे तुकडे हाताला लागत होते आणि ती स्क्रू फिरवत होती. एवढे घट्ट कशाला आवळलेस, असं ती स्वतःलाच विचारत होती. पाच स्क्रू निघाल्यावर बेकरीवाल्यानं जाळी दोन्ही हातांनी ओढून वाकवली आणि तो आत घुसला. त्यानं दार उघडलं.

न्हाणीघराचं दार आत उघडणारं. ढकललं तर थोडं आत गेलं आणि अडलं. पलीकडे माणसाचं वजन होतं. दोघांनी मिळून दार रेटलं, रबरी पट्टी फरशीवर करकरली, आणि आतून गरम, दमट, जड हवेचा लोट बाहेर आला. बेकरीवाल्यानं श्वास रोखून आत हात घातला, तोटी बंद केली, मास्तरीणबाईंना काखेत धरून बाहेर ओढलं. त्यांच्या गालांवर लाली होती. एखाद्या तरुण मुलीसारख्या दिसत होत्या त्या. जाळीबाईला ती लाली पाहून क्षणभर हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्यांचा हात हातात घेतल्यावर तिला कळलं, की ही लाली चांगली नाही.

"काय झालंय तिला?" अक्का पलंगावरून विचारत होत्या. त्यांना मान वळवता येत नव्हती. "कुणी सांगेल का मला? काय झालंय?"

मास्तरीणबाई जगल्या. चौथ्या दिवशी त्यांनी डोळे उघडले. त्या आधीचे तीन दिवस जाळीबाई इस्पितळाच्या बाकावर होती. गल्लीतली माणसं येत-जात होती आणि प्रत्येकजण तिच्यापाशी थांबून काहीतरी चांगलं बोलत होता. वेळेवर धावलात. तुम्ही नसतात तर दोघी गेल्या असत्या. काचेनं कापलेल्या तिच्या हातांवर पट्ट्या होत्या, त्यांच्याकडे लोक आदरानं बघायचे. तिला वाटायचं, या पट्ट्या फाडून फेकून द्याव्यात.

दोन्ही बहिणींना एकच भाचा होता. तो परगावाहून आला. डॉक्टर त्याला समजावून सांगत होते, की गिझरच्या ज्योतीला हवा कमी पडली की असा गॅस तयार होतो. मग त्यांनी विचारलं, "न्हाणीघराला झरोका नव्हता का?"

"होता, मला वाटतं," भाचा म्हणाला. "लहानपणी आम्ही त्यातून चिमण्या बघायचो."

"होता," जाळीबाई बाकावरून उठत म्हणाली. "तो मी बुजवला. दाराखालची फटही मीच बंद केली. आदल्या दिवशी."

भाच्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती आत्ताच तिथं आली होती. मग तो वळून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

अक्कांना शेजारच्या खोलीत ठेवलं होतं. जाळीबाई त्यांच्याकडे गेली आणि तिनं त्यांनाही सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, बसायची तिची हिंमत झाली नाही. अक्का छताकडे बघत ऐकत होत्या.

"तिनं हट्ट धरला होता," शेवटी त्या म्हणाल्या. "मी पलंगावरून ऐकत होते ना. बुजवून टाका म्हणाली, तुम्ही बुजवलंत."

"हो."

"ती घाबरलेली होती हो. माझा पाय बघून तिची मती गेली होती." अक्कांनी डोळे तिच्याकडे वळवले. "तुम्ही तर घाबरला नव्हतात ना? तुम्हाला तर माहीत होतं."

जाळीबाई मान खाली घालून उभी राहिली, आणि अक्कांनी तिला जा असंही म्हटलं नाही आणि बस असंही.

मास्तरीणबाई हिंडू-फिरू लागल्या, जेवू लागल्या, बहिणीला ओळखू लागल्या. पण वस्तूंची नावं त्यांना सापडत नव्हती, आणि अक्षरं तर पुसूनच गेली होती. भाच्यानं त्यांच्यापुढे वर्तमानपत्र धरलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "ही कसली नक्षी आहे?" चाळीस वर्षं ज्यांनी मुलांना मुळाक्षरं गिरवायला लावली होती त्या! भाचा दोघींना आपल्या गावी घेऊन गेला. जाताना तो जाळीबाईला भेटला नाही. पोलिसांनी तिचा जबाब घेतला, तिनं जसं होतं तसं सांगितलं, आणि कागद पुढे कुठं गेला ते तिला कुणी कळवलं नाही.

नवऱ्यानं तिला एका शब्दानंही टोचलं नाही. फक्त एकदा म्हणाला, "फळी मीच कापली होती."

दुसऱ्या दिवशी तिनं छिन्नी-हातोडा घेतला आणि जिथं जिथं झरोका बुजवला होता तिथं जायला सुरुवात केली. सोबत जाड लोखंडी जाळी. लोक दारात उभे राहून विचारायचे, "उंदीर येतोय असं आम्ही कुठं म्हटलं?" ती सांगायची, "माझी चूक झालीय, ती काढायला आलेय." काहींनी घेतलं ऐकून. एका घरात तान्हं मूल होतं आणि फळीखाली काजळीचा डाग ताटाएवढा झाला होता. ती फळी काढून झाल्यावर तिनं मुलाच्या बापाला शिडीवर चढवून तो डाग दाखवला. एका घरानं तिला दारातूनच परत लावलं. थंडीत तो झरोका उघडायला ते तयार नव्हते. ती तिथं रोज जात राहिली. सहाव्या दिवशी त्या घरची सासू वैतागून म्हणाली, "करा बाई काय करायचं ते, पण पिच्छा सोडा."

तीन आठवड्यांत काम संपलं. दोघी बहिणींचं रिकामं घर धरून बारा घरं झाली. संध्याकाळी तिनं बाराव्या घरातून काढलेली फळी घरी आणून कोपऱ्यात टाकली आणि म्हणाली, "संपल्या."

नवरा कोपऱ्यातल्या फळ्यांकडे बघत होता. त्यानं काठीच्या टोकानं त्या एकेक बाजूला सारल्या.

"किती झाल्या?"

"बारा."

"मी तेरा कापल्या होत्या."

"बाराच असतील हो."

"प्लायवूडची एक अख्खी शीट होती. तिचे तेरा तुकडे केले मी. उरलेली पट्टी अजून पलंगाखाली आहे, मोजून बघ."

तिनं पलंगाखालून उरलेली पट्टी काढली, फळ्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या. मधे एक जागा रिकामी राहिली. हातभर लांब, वीतभर रुंद.

त्या रिकाम्या जागेकडे बघून तिनं खूप आठवायचा प्रयत्न केला. तिनं कधी वही ठेवली नव्हती. लोक तोंडी बोलवायचे आणि ती जायची. त्या हिवाळ्यात तिनं चाळीसएक घरं तरी केली असतील. एक न्हाणीघर आठवायचं, हिरव्या फरशीचं. कुणीतरी खाली शिडी धरून उभं होतं आणि घाई करा म्हणत होतं. पण ते कुठल्या गल्लीत, बाई होती की पुरुष, काही केल्या हाताला लागत नव्हतं. जुन्या गिऱ्हाइकांकडे ती पुन्हा पुन्हा जाऊन आली. हिरवी फरशी कुणाकडे सापडली नाही. कुणी म्हणालं, फरशी बदलली असेल. कुणी म्हणालं, भाडेकरू बदलले असतील.

आता ती धंदा करते, पण झरोक्याला हात लावायच्या आधी घरच्यांना बाहेर बोलावून सगळं सांगते, आपली चूकही सांगते. त्यामुळे कामं कमी झाली आहेत. रस्त्यानं चालताना तिची मान वर असते; घरांच्या मागच्या भिंती, न्हाणीघरांचे झरोके ती बघत जाते. एकदा एका माणसानं तिला हटकलंही, "आत काय डोकावताय?"

गॅसच्या टाक्या पोचवणाऱ्या माणसाला तिनं गाठून सांगून ठेवलं आहे, न्हाणीघराच्या झरोक्यात कुठं फळी दिसली तर कळव. तो घराघरांत जातो, त्याच्या नजरेला पडेल. त्यानंही मनावर घेतलं. दर सोमवारी त्याची गाडी तिच्या गल्लीत येते तेव्हा ती दारात उभी असते.

थंडी पुन्हा सुरू झाली आहे. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या आहेत. परवाच्या सोमवारी गाडी आली, टाक्या एकमेकींवर खणखणल्या, आणि तिनं तोंड उघडायच्या आत त्या माणसानं गाडीवरूनच मान हलवली. नाही. अजून नाही सापडली.